काळ्या रंगाचा डबा

एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी रंग कालवले. स्वतः एकदाच चित्र काढलं, तेही काकोलीदी फार मागे लागल्या म्हणून. कागदाच्या मधोमध तपकिरी रंगाचा एक ढीग झाला. त्यांनी विचारलं, आता कसं वाटतंय. मी म्हणाले, डिंक पातळ झालाय, उद्या दाट करते. पुन्हा त्यांनी मला बसवलं नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिना नको म्हटलं आणि मी काम सोडलं. आमच्या मराठी मंडळाच्या संपादकबाई म्हणाल्या, अंकासाठी त्या खोलीबद्दल लिहा. मी म्हणाले, माझी शाळा चौथीपर्यंत. त्या म्हणाल्या, शुद्धलेखन आम्ही बघू. तेव्हा चुका राहिल्या असतील तर त्यांच्या.

माझे यजमान रेल्वेतल्या एका मराठी साहेबांच्या बंगल्यावर कामाला होते. साहेबांची बदली कलकत्त्याला, गार्डन रीचला झाली तेव्हा साहेबांनी त्यांना बरोबर आणलं. साहेब पाच वर्षांनी पुढे गेले, आम्ही राहिलो. यजमान वारल्यावर मंडळातल्या एका बाईंनी मला काकोलीदींकडे नेलं. दक्षिण कलकत्त्यातल्या एका जुन्या घराचा दुसरा मजला, मोठी खोली, तिला लागून गॅलरी. काकोलीदी मनाच्या डॉक्टरांबरोबर काम करतात. त्या गोळ्या देत नाहीत, कागद देतात. ज्यांना आतलं बोलता येत नाही त्यांनी ते रंगाने कागदावर टाकायचं, असा तो प्रकार. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, तरी सगळे त्यांना दीदी म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्या मला माशी म्हणतात, म्हणजे मावशी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चित्रं काढायची खोली म्हणजे सोपं काम. कागद नुसता दिला तर ओल्या रंगाने त्याच्या लाटा होतात. म्हणून आदल्या दिवशी तो टबात बुडवायचा, ओलाच प्लायच्या फळीवर पसरायचा, चारी कडांना डिंकाची पट्टी लावायची. वाळताना तो आवळत जातो आणि डफासारखा ताठ होतो. उन्हात ठेवला तर मधोमध फाटतो. पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. रंग पुडीचे. डिंक रात्रभर भिजवायचा, जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळायचा, वास येऊ नये म्हणून चार थेंब लवंगेचं तेल. सहा डबे: लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा आणि गेरू. हातांचा रंग आधी मोहरीच्या तेलाने सोडवायचा, मग साबण. हे काकोलीदींच्या पुस्तकांत नाही, मी शोधून काढलं.

खोलीचे नियम होते. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. घर, झाड, सूर्य, देव, माणूस काढायचं नाही. कुणी कुणाला हे काय आहे असं विचारायचं नाही. मी तर बोलायचंच नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे चित्र झालं की फळी भिंतीकडे तोंड करून ठेवायची, आठवडाभर. पुढच्या आठवड्यात ती वळवायची आणि ज्याचं चित्र त्याने आधी बोलायचं. तोवर कुणी काही बोलायचं नाही, दीदींनीसुद्धा. ताज्या चित्रावर माणूस खोटं बोलतो, असं त्या म्हणत.

लोक तऱ्हेतऱ्हेचे आले. एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी पहिल्या दिवशी पट्टी मागितली. मी मानेने नाही म्हटलं, तर त्यांनी फाईलची कड लावून कागदाला चारी बाजूंनी निळी चौकट मारली आणि मध्ये काहीच काढलं नाही. तीन महिने तेच. एकदा रंगाचा एक थेंब चुकून आत पडला, तर त्यांनी मला बोलावून तो पुसायला सांगितलं. मी पुसला नाही. त्या थेंबाकडे बघत ते वेळ संपेपर्यंत बसून राहिले. दुसरी एक श्रीमंत बाई. नखांना रंग लागतो म्हणून मोलकरणीला घेऊन आली. "फुलमणी, इथे लाल रगड. जोरात. मला राग आलाय." फुलमणीने रगडलं. दीदी वहीत लिहीत राहिल्या. चार वेळा असं झाल्यावर बाईंचं येणं बंद झालं. फुलमणी मात्र सुट्टीच्या दिवशी एकटी येऊ लागली, दोन वर्षं येत होती. तिच्याइतके दणदणीत कागद कुणी रंगवले नाहीत.

रंगांबद्दल लोक फार बोलतात. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद. माझं मत विचाराल तर लाल सगळ्यात जास्त खपायचा, कारण त्याचा डबा दाराशी होता. एकदा झाडताना मी तो खिडकीकडे सरकवला आणि निळा दाराशी ठेवला. त्या महिन्यात निळा संपला. दीदी कुणाशी तरी फोनवर म्हणत होत्या की सध्या सगळे शांत होत चाललेत. मी ऐकलं आणि गप्प बसले. मला गंमत वाटली होती. तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

पुढचं म्हणजे अश्विनीचं. नाव मी बदललंय. सांगलीकडची, पस्तिशीची. नवरा राजेंद्र बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेला, बराकपूरला राहत होते. मुलगी सई, सहा वर्षांची. अश्विनी आमच्याकडे आली तेव्हा तिचं बोलणं बंद होऊन चार महिने झाले होते. मुकी नव्हती. हो, नाही, चहा ठेवलाय, एवढं घरात म्हणायची. बाकी काही नाही.

झालं होतं असं. ती सईला घेऊन सियालदाहून लोकलने घरी चालली होती. बराकपूरला ती उतरली, मुलगी खिडकीशी तशीच बसून राहिली. गाडी गेली. अश्विनी स्टेशनातून बाहेर पडली, रिक्षात बसली, घरी गेली, कुलूप काढलं. राजेंद्र संध्याकाळी आला आणि त्याने विचारलं, सई कुठे. सई काही स्टेशनं पुढे, श्यामनगरला सापडली. एका मासेवाल्या बाईने तिला रडताना बघून खाली उतरवलं आणि स्टेशनमास्तरांकडे बसवलं. पोरीच्या अंगाला ओरखडाही नव्हता. पण राजेंद्रने तिला पुण्याला बहिणीकडे पोचवलं. डॉक्टर म्हणाले, बायको सुधारली की आणा. म्हणजे अश्विनी सुधारली की मुलगी परत, नाहीतर नाही. हे तिलाही माहीत होतं, मलाही, दीदींनाही. राजेंद्र दर मंगळवारी तिला घेऊन यायचा आणि ती आत असेपर्यंत गॅलरीत बसून राहायचा. एकदा मी चहा दिला तेव्हा म्हणाला, "मावशी, मी तिला रागावलो नाही हो. एकदाही नाही." मला वाटलं, रागावला असतास तर बरं झालं असतं. पण मी कपबशी उचलली आणि आत गेले.

दहा मंगळवार अश्विनीने काळं केलं. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत. कागद भिजून फाटायला यायचा. दीदी वहीत लिहायच्या: काळा. पण मला एक दिसायचं ते त्यांना दिसत नसे, कारण फळी उचलून ठेवायचं काम माझं. ओलं असताना काळ्याखाली दुसरे रंग असायचे. ती आधी लाल, गेरू, निळा काय काय लावायची, घाईघाईने, कुणी बघायच्या आत, आणि मग वरून सगळं काळ्याने झाकायची. वाळलं की काळंच. हे मी कुणाला सांगितलं नाही. बघणं माझं काम नव्हतं.

तिने दहा आठवड्यांत एवढा काळा वापरला की बाकीच्यांना मिळून तो तीन वर्षं पुरला असता. पूड एस्प्लनेडला एकाच दुकानात चांगली मिळायची. मे महिना, गार्डन रीचहून बस, मग ते चालणं, आणि माझा उजवा गुडघा. या आठवड्यात जाऊ, म्हणून मी दोनदा गेले नाही. मंगळवारी सकाळी डबा उघडला तर तळाला पापुद्रा. मी तो धुऊन पालथा घातला आणि पाचच डबे मांडले. दीदींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, माशी, टॅक्सीने जाऊन या. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या काळ्याचा कंटाळा आला होता. तिचे हात धुताना मोरी अर्धा तास काळी व्हायची.

अश्विनी आली, जिथे काळा असायचा तिथे हात नेला, थांबली. माझ्याकडे बघितलं. मी टबातला कागद दाबत होते, दाबतच राहिले. बऱ्याच वेळाने तिने पिवळ्यात हात घातला आणि सगळा कागद पिवळा केला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, भिंतीला चुना मारतात तसा. खाली काही नाही, वर काही नाही. हात धुतले आणि गेली.

दीदी त्या फळीसमोर उभ्या राहिल्या. नियम त्यांचाच होता, म्हणून काही बोलल्या नाहीत. पण मी एकोणीस वर्षं त्यांचा चेहरा पाहिलाय. फळी ठेवायचं काम माझं, पण त्या दिवशी ती त्यांनी स्वतःच भिंतीकडे वळवली.

पुढच्या मंगळवारी फळी वळवली. अश्विनी खुर्चीत, दीदी तिच्या बाजूला जमिनीवर, मी मोरीच्या दारात. अश्विनीने बराच वेळ बघितलं आणि दहा-अकरा आठवड्यांत त्या खोलीत पहिल्यांदा तोंड उघडलं. मराठीत म्हणाली, "हे माझं नाही."

दीदींना मराठी येत नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "माशी, ओ की बोललो?" ती काय म्हणाली. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

मी म्हणाले, "म्हणते, छान झालंय."

का म्हणाले, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. डबा. दुसरं काही नाही. ती म्हणतेय हे माझं नाही, असं सांगितलं असतं तर दीदींनी विचारलं असतं, मग कुणाचं, पिवळा का, आणि तिसऱ्या प्रश्नाला माझा पालथा डबा निघाला असता. आयुष्यात मी कामात कधी चुकार नव्हते. एकदा चुकारपणा केला आणि तो झाकायला एका वाक्याचं खोटं लागलं.

त्या दिवशी रंग कालवलेच नाहीत. दीदींनी राजेंद्रला आत बोलावलं, मी चहा केला. "ती बोलली," दीदी हिंदीत म्हणाल्या, "आणि चित्र बघा." राजेंद्र चित्र बघत राहिला. त्याला त्यात काय दिसायचं होतं, पिवळा कागद. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळा जूनमध्ये उघडणार होती. म्हणाला, शुक्रवारी निघतो, पुढच्या बुधवारी सईला घेऊन पुण्याहून निघेन. अश्विनी मधे बसून चहा पीत होती. तिला हिंदी येत होती. ती काही बोलली नाही.

मी दुसऱ्याच दिवशी एस्प्लनेडला गेले. तेव्हा गुडघा दुखला नाही.

त्यानंतरचा मंगळवार. राजेंद्र पुण्यात, अश्विनीला बँकेच्या ड्रायव्हरने सोडलं. मी सहा डबे मांडले होते. तिने आत येताच काळ्यात दोन्ही हात बुडवले. दीदी शेजारच्या खोलीत फोनवर होत्या. मी नियम मोडला. तिच्या जवळ जाऊन म्हणाले, "मागच्या वेळी काळा नव्हता. मी आणला नव्हता."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"मी दीदींना खोटं सांगितलं."

"ऐकलं मी. छान झालंय म्हणालात. तेवढं बंगाली कळतं मला."

"मग तू का गप्प बसलीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, मी हे विचारायलाच नको होतं. "सई येणार होती," ती म्हणाली.

दोघी उभ्या राहिलो. तिच्या हातांतून काळं पाणी फरशीवर गळत होतं. मी विचारलं, "आली तर सांभाळशील ना? नीट सांग. मला दुसरं काही नको."

तिने लगेच हो म्हटलं असतं तर मी घरी गेले असते आणि हा लेख झाला नसता. तिने हात कागदावरून उचलले, तळवे बघितले. मग म्हणाली, "माहीत नाही, मावशी. खरंच माहीत नाही." आणि लगेच, "पण तुम्ही सांगू नका. पाया पडते."

मी हात धुतले. त्या काळ्याला मी हात लावला नव्हता, तरी धुतले. मग शेजारच्या खोलीत गेले आणि दीदींना सगळं सांगितलं. रिकामा डबा, खोटं, ती खरं काय म्हणाली होती ते, आणि आत्ता काय म्हणाली तेही. काळ्याखालचे रंगही सांगितले. आता लपवायचं कशाला.

दीदी खुर्चीत बसल्या. मला वाटलं, काढून टाकतील. त्या म्हणाल्या, "दहा आठवडे मी वाट बघत होते, माशी. म्हणून मला पिवळ्यात ते दिसलं. तुम्ही डबा नाही ठेवलात, पण डोळे तर माझेच होते." खूप दमलेला आवाज होता. मग त्यांनी राजेंद्रला पुण्याला फोन लावला. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. दीदी तीन-चार वेळा फक्त हो, हो, म्हणाल्या. बुधवारी तो एकटाच निघाला.

दारातून अश्विनी हे सगळं बघत होती. ती हात न धुता जिना उतरून गेली. कठड्यावरचे डाग मी दोन दिवस घासत होते.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या मंगळवारी राजेंद्र तिला घेऊन आला. ती आली, डब्यांकडे बघितलं नाही, सरळ माझ्यासमोर उभी राहिली आणि सुरू झाली.

"तू कोण लागून गेलीस गं? डबे धुणारी बाई तू. तुला कुणी विचारलं होतं? आधी खोटं बोलायला तूच, मग खरं बोलायला पण तूच? माझ्या पोरीची सुटकेस भरली होती. बॅगेवर नाव लिहिलं होतं तिने स्वतःच्या हाताने. मुडदा बशिवला तुझा, म्हातारे."

इतकं बोलणं त्या पोरीच्या पोटात आहे हे कुणाला माहीत होतं. राजेंद्र गॅलरीतून उठून दाराशी आला, दीदींनी त्याला हाताने थांबवलं. मग मला म्हणाल्या, "माशी, बोलो." सांगा, काय म्हणतेय.

मी सांगितलं. डबे धुणारी बाई सांगितलं, खोटं आणि खरं दोन्ही मीच बोलले ते सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मुडदा बशिवला हे बंगालीत कसं आणायचं ते मला सुचेना. मी म्हणाले, ती म्हणते मी मरावं, आणि तेही बसल्या जागी. दीदींनी ते तसंच वहीत लिहिलं. अश्विनीने ते पाहिलं आणि क्षणभर थांबली. मला वाटतं तिला हसू येत होतं. मग तिने पुन्हा सुरुवात केली.

असं पाच मंगळवार चाललं. ती एका हाताने रंग लावायची, तोंडाने मला शिव्या घालायची, मी मोरीच्या दारात उभी राहून माझ्याच शिव्या माझ्या मालकिणीला सांगायची. तिच्या सांगलीच्या आजीकडून आलेल्या शिव्या असाव्यात, बँक अधिकाऱ्यांच्या बायकांना असल्या येत नाहीत. घरी गेल्यावर मी दमून पडायची. स्वयंपाक करवत नसे, मुडी, म्हणजे चुरमुरे, खाऊन झोपायची. सून फोनवर म्हणाली, "आई, सोडा ना ते काम." मी म्हणाले, अजून तिचं संपलं नाही.

सहाव्या मंगळवारी तिचा आवाज बसला होता. तिने लाल लावला, गेरू लावला, काळ्याच्या डब्यात हात घातला आणि तो हात तसाच धरून उभी राहिली. कागदावर टेकवला नाही. म्हणाली, "मावशी, मी तिला विसरले नव्हते."

मी हातातलं फडकं मोरीच्या काठावर ठेवलं.

"सगळे म्हणतात विसरली. डॉक्टर, हे, सगळे. मी विसरले नव्हते. ती खिडकीशी बसली होती, मला दिसत होती. मला वाटलं, पाच मिनिटं मला कुणी आई म्हणून हाक मारू नये. पाचच मिनिटं. आणि माझे पाय उतरले. गाडी गेली ते मी उभी राहून बघितलं."

दीदींनी विचारलं नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. गॅलरीत राजेंद्र होता, दार उघडं होतं, त्याला मराठी माझ्याइतकीच येते. त्याने ऐकलं होतं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. एकदा मला वाटलं, दीदींना हे नको सांगायला. विसरली म्हटलं तर आजार, आणि हे म्हटलं तर काय म्हणायचं. अश्विनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी सांगितलं, ती म्हणाली तसं, पाच मिनिटांसकट.

त्यानंतर ती जमिनीवर बसली. राजेंद्र आत आला आणि तिच्याजवळ बसला, रंगाच्या पाण्यात, ऑफिसच्या पँटमध्ये. आपण एकदाही रागावलो नाही, हे त्याने पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून दीदींनी एक नवी पद्धत सुरू केली. प्रत्येक चित्राच्या मागे नाव आणि तारीख असायचीच, आता त्या दिवशी कोणकोणते डबे मांडले होते तेही लिहायचं. ते मी लिहायची, मराठीत. पुढे कुणी ते वाचेल का माहीत नाही.

सई आठ महिन्यांनी आली. त्या आठ महिन्यांत तिचा पुढचा दात पडला, पुण्यात. पहिलीचं अर्धं वर्ष गेलं, पुण्यात. आत्याच्या मुलांचं ऐकून ती आईला फोनवर मामी म्हणायला लागली होती आणि मग आठवून आई म्हणायची. हे अश्विनीने मला सांगितलं, सगळं सांगितलं, एकही सोडलं नाही. मी ऐकून घेतलं. आणखी काय करणार होते.

त्यांची बदली झाली तेव्हा ती चित्रं न्यायला आली, सईला घेऊन. पिवळं तिने घेतलं नाही. काळ्यांतली दोन घेतली, बाकीची फाडा म्हणाली. सईने डब्यात बोट घालून बघितलं, मी तिचं बोट तेलाने पुसून दिलं. दीदी फोनवर होत्या. अश्विनी मला म्हणाली, "मावशी, तुम्ही गप्प बसला असतात तर ही आठ महिने आधी आली असती."

"हो," मी म्हणाले.

"आणि कदाचित काही झालंही नसतं."

"कदाचित."

"मी तुम्हाला दोष देत नाही. पण विसरणारही नाही."

"नको विसरूस," मी म्हणाले. तिने वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला की नाही, ते आठवत नाही.

त्या निघाल्या. सई दोन-दोन पायऱ्या उड्या मारत पुढे, अश्विनी मागे, दोन्ही हातांत चित्रांची गुंडाळी धरून, म्हणजे मुलीचा हात धरायला हात मोकळा नाही. मी गॅलरीत गेले. खाली रस्त्यावर ऑटो, सायकली, केळ्यांची गाडी. सई फुटपाथच्या कडेला जाऊन उभी राहिली. अश्विनी तिच्यापासून चार पावलांवर टॅक्सीला हात करत होती, तोंड दुसरीकडे. टॅक्सी थांबली. अश्विनीने दार उघडलं, चित्रं आत ठेवली, मग वळली आणि म्हणाली, "सई, चल." सई आत बसली. मग अश्विनी बसली. दार लागलं.

टॅक्सी वळणाआड गेली तरी मी कठडा धरून उभी होते. खोलीत दुसरी माणसं येऊन थांबली होती. दीदींनी दोनदा हाक मारली तेव्हा मी आत गेले.